झाकलेला पत्ता

"तक्रार केली मी, आणि हात मोडला माझ्या भाचीचा!"

लुसी लोपीस खुर्चीत बसायलाही तयार नव्हत्या. खासगी तपासनीस आशालता खानोलकर आणि त्यांचा सहकारी सिप्रियन तुस्कानो ऐकत होते.

निवृत्त शिक्षिका लुसीबाई सातिवलीच्या चाळीतल्या मुलांना शिकवायला जात. शेजारच्या गोदामातलं रसायनाचं पाणी चाळीच्या विहिरीत मुरत होतं. त्यांनी सरकारी पोर्टलवर तक्रार केली. 'नाव गुप्त राहील,' असं तिथं ठळक लिहिलेलं होतं. सरकारनं पाणी तपासलं. पण अहवाल मागितला, तेव्हा उत्तर आलं : डेटा सुरक्षेमुळे देता येत नाही.

"आणि काल तीन माणसं विरारला, फुलपाड्याच्या माझ्या जुन्या फ्लॅटवर आली. 'तक्रार मागं घे, लुसी,' म्हणत ब्रिटनीला जिन्यावरून ढकललं. मी निवृत्तीनंतर गावातल्या वाडीत परतले. फ्लॅटमध्ये आता ती राहते."

"त्याआधी धमकीचा फोन?"

"एकही नाही."

"तक्रारीचं कुणाला माहीत होतं?"

"फक्त माझ्या दिराला. सेबॅस्टियनला."

बाहेर पडताच सिप्रियन म्हणाला, "मॅडम, दीरच! गोदामाची जागा त्याचीच आहे."

सेबॅस्टियन वाडीत केळीला पाणी देत होता. "भांडलो मी वहिनीशी," तो उसळला. "भाडं बुडेल म्हणून भांडलो. पण आमच्या घरांमध्ये एकच कुंपण आहे. रोज तिच्याच हातचा चहा पितो मी. तिच्यावर गुंड घालीन?"

सरकारी कार्यालयात तक्रारी सुरुची नावाची मुलगी हाताळत होती. ती घाबरली होती.

"मला फक्त मोबाइल नंबर दिसतो, मॅडम. नाव झाकलेलं असतं. पत्ता आधारवरून आपोआप येतो, तोही झाकलेला. उघडायला वरच्या साहेबांचा पासवर्ड लागतो."

अधिकारी संग्राम देशमाने मात्र निवांत होते.

"एका तक्रारदाराला धमकी आलीय," आशालता एवढंच म्हणाल्या. "सातिवलीच्या विहिरीचं प्रकरण."

"तक्रारदार कोण, हे मीसुद्धा बघत नाही. डेटा सुरक्षा म्हणजे सुरक्षा!" देशमाने हसले. "पण खरं सांगू? लोकांना उद्योग नसतात. राहायचं विरारला आणि उठाठेव सातिवलीच्या पाण्याची!"

आशालता उठल्या. "आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी देशमान्यांच्या वरिष्ठ मीरा राऊळ यांच्या दालनात सगळ्यांना बोलावलं होतं.

"सिप्रियन, लुसीबाई राहतात कुठं?" आशालतांनी विचारलं.

"वाडीत. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"सेबॅस्टियननं माणसं पाठवली असती, तर ती वाडीतच आली असती. फुलपाड्याला गेली, कारण आधारवर अजून जुनाच पत्ता आहे. म्हणजे बातमी पोर्टलवरून फुटली. सुरुचीकडे फक्त मोबाइल नंबर. तो तिनं दिला असता, तर आधी फोन वाजला असता. तो वाजलाच नाही."

त्या देशमान्यांकडे वळल्या. "मी तुम्हाला तक्रारदाराचं गाव सांगितलं नव्हतं, नाव सांगितलं नव्हतं. तक्रारदार विरारला राहतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज... अंदाजानं बोललो."

मीरा राऊळ यांनी संगणकाचा पडदा सगळ्यांकडे वळवला. "हल्ल्याच्या आदल्या दिवशी हे नाव आणि पत्ता एकदाच उघडलाय. तुमच्या पासवर्डनं."

देशमान्यांचा चेहरा उतरला. "गोदामवाला ओळखीचा आहे. फक्त समजावून सांगतो म्हणाला होता. मारहाण होईल असं मला..."

"समजावून?" आशालतांनी टेबलावर हात आपटला. "विहिरीत काय आहे, हे चाळीला कळायला हवं होतं, ते तुम्ही कुलपात ठेवलंत. आणि बाईचा पत्ता, जो जिवापाड जपायचा, तो गुंडांच्या हातात दिलात! वर आम्हाला सुरक्षा शिकवता?"

मीरा राऊळ यांनी पोलिसांना फोन लावला. मग त्या लुसीबाईंना म्हणाल्या, "सिस्टिममधल्या त्रुटीबद्दल दिलगीर आहोत."

"त्रुटी म्हणू नका," लुसीबाई म्हणाल्या. "माणसानं केलंय हे. अहवाल द्या. हातात घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

संध्याकाळी सातिवलीच्या चाळीत बायका हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. लुसीबाईंनी अहवाल मोठ्यानं वाचला : पाणी पिण्यास अपायकारक, वापर तातडीनं थांबवावा.

कडेवर तापानं मलूल झालेलं पोर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "टीचर, हे त्यांना कधी कळलं होतं?"

लुसीबाईंनी कागदावरची तारीख पाहिली. उन्हाळ्यातली होती. आता दिवाळी तोंडावर आली होती.

त्यांनी ती तारीखही मोठ्यानं वाचली.