पोकळी म्हणा, कोथळी म्हणा

"बाळाच्या अंगात आधी एकच कोथळी असते..."

यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वर्षा डोळे मिटून घोकत होती, आणि शेजारच्या टेबलावर कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

"कोथळी नाही, पोकळी म्हणतेत," वरच्या वर्षाचा धम्मदीप हसू दाबत म्हणाला. "परीक्षक तुहा कोथळाच काढतीन."

वर्षाचे कान तापले. ॲनाटॉमीत ती एकदा नापास झालेली, आणि दुपारीच फेरपरीक्षेची तोंडी. बोंडअळीने औंदा तिच्या बंजारा तांड्यावरची सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्लेली; फीला पैसा उरला नव्हता. आता नापास म्हणजे पुस्तकं बांधून घरी. आणि या बाबाला हसू सुचतंय.

तिने याडीने, म्हणजे आईने, शिवलेली आरशांची पिशवी त्याच्यापुढे आपटली. "हे कोथळी. आमच्या गोरबोलीत हेच म्हणतेत."

"कशी शिवतेत?" त्याने मनापासून विचारलं. हसू पळालं होतं, पण डोळे मात्र... डोळ्यांचं जाऊ द्या.

"दोन पदरी कापड घ्याचं. कडा दुमडाच्या, मंधात जुळवून टाचाच्या, मंग..." ती थबकली. "अगं बाई. बाळाचंही असंच होते ना? आधी चपटं राह्यते. मधल्या थराचे दोन पदर सुटतेत, त्यायच्या मंधात पोकळी. मंग कडा दुमडून पोटावर जुळतेत—"

"अन् त्या एका पोकळीचे कप्पे पडतेत," तो पुढे सरकला. "हृदयाचा, फुफ्फुसायचा..."

"पोटाचा मीच सांगते," वर्षाने त्याला अडवलं. "परीक्षा माही आहे."

चहावर साय धरली, तरी दोघांना शुद्ध नव्हती.

तोंडीला पुन्हा 'कोथळी'च निसटलं. परीक्षक बाईंच्या भुवया चढल्या. वर्षा मात्र डगमगली नाही. ओढणीचं टोक दुमडत तिने सगळं दाखवलं, छाती-पोटामधला पडदा आधी मानेपाशी असतो आणि मग खाली उतरतो, इथपर्यंत.

"जा पोरी, निर्धास्त जा," बाई हसल्या.

जिन्याखाली धम्मदीप उभा होता, घामाघूम.

"झालं. जिंकली मी," ती म्हणाली.

"वर्षा, मले... म्हणजे मले..."

"पडदासुद्धा मानेतून खाली येते, सर. तुमचा शब्दच काहून अडकून राह्यला?"

"मले तू आवडते."

आनंदाने तिचा जीव फुलून आला, पण तिने तोंड गंभीर केलं. "आता तुमची तोंडी. माह्या बापाले काय सांगसान?"

"हेच."

"इतक्या हळू?"

धम्मदीपने व्हरांडाभर पोरं वळून पाहतील इतक्या मोठ्याने ते पुन्हा सांगितलं. वर्षाने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"पास," ती म्हणाली.