रिकामा हुकूम

बाहेरच्या ग्रहांकडे ते यान निघालं, तेव्हा मी शाळेत होते. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून अशी एकेक घरं मागे टाकत ते पुढं गेलं. फोटो मी पेपरात पाहिले. नंतर त्या यानाशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रात टायपिस्ट म्हणून लागले, यानाच्या तंत्रज्ञाशी लग्न केलं, आणि यानाचे आकडे वाचायला यांच्याकडूनच शिकले. यानाला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. मी मनातल्या मनात सवत.

हे रोज सकाळी दहाला तिला रिकामा हुकूम पाठवायचे. म्हणजे, करू काहीच नकोस, ऐकलंस एवढं कळव. पंधरा तास जायला, पंधरा यायला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कागदाची पट्टी खरखरत बाहेर यायची: आजवर मिळालेले हुकूम, एकाने वाढलेले, आणि हाक किती जोरात ऐकू आली तो आकडा.

घरीही तीच तऱ्हा. बाहेरच्या खोलीतून हाक मारायची. मी “काय हो?” म्हटलं की, “काही नाही.”

फेब्रुवारीत हे गेले. त्याच संध्याकाळी पाठवायचं यंत्र कायमचं बंद झालं. महिनाअखेरच्या शुक्रवारी पाचला ऐकणंही बंद करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी हुकुमांचा आकडा वाढला. त्यात नवल नव्हतं, यांचा शेवटचा हुकूम वाटेत होता. तिसऱ्या दिवशीही वाढला. चौथ्याही.

केंद्राच्या साहेबांना पट्टी दाखवली.

“वहिनी, म्हातारीला आता भास होतात,” ते म्हणाले. “पाठवायच्या यंत्राचा फ्यूज माझ्या खिशात आहे.” काढून दाखवलाही.

“आणि जोर?”

इतक्या लांबून आमची हाक तिला जेमतेम तीनच्या जोरानं पोचायची. आता पाच होता. मग नऊ. मग वीस.

“म्हणजे जवळून कुणीतरी...” साहेबांनी वाक्य तिथंच सोडलं आणि फ्यूज खिशात ठेवला.

मी मात्र रोज चारची वाट बघायला लागले. एवढंच हवं होतं, की बंद व्हायच्या आत यांनी पोचावं.

“साहेब, आणखी आठवडाभर थांबा ना.”

“वरून आलंय, वहिनी. माझ्या हातात काही नाही.”

गुरुवारी एक्काहत्तर.

शुक्रवारी चार वाजले. पट्टी हलली नाही.

साडेचार.

घाई करणं यांना जन्मात जमलं नव्हतं.

पाचला सात मिनिटं कमी असताना पट्टी खरखरली. मी वाचली आणि घडी घालून मुठीत धरली. साहेबांनी बटण बंद केलं. खोलीतली घरघर थांबली.

“काय आलं, वहिनी?”

“काही नाही.”

ते गेल्यावर मी कपाटातलं सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. पहिलं पान, उड्डाणाआधीची चाचणी. अक्षर यांचंच: ‘यानाशेजारी उभं राहून केबल हातानं जोडली. हुकूम पहिला. जोर अठ्ठ्याण्णव.’

मूठ उघडून पट्टी शेजारी ठेवली.

अठ्ठ्याण्णव.