हातावरचं दही

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर शेवट जरा बरा केला असता.

हॅमिल्टन, कॅनडा. २००९ चा हिवाळा.

आम्ही यानिनाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी, माझा नवरा विलास आणि कोल्हापूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. यानिनाबाई खाली एकट्या राहायच्या. पंचाहत्तरीच्या, पोलिश.

आई आल्या त्या दिवशी आम्ही गाडीतून बॅगा काढत होतो. यानिनाबाई दारात आल्या आणि आईंना म्हणाल्या, "काय गं, जेवलीस का?"

आई बघतच राहिल्या. गोऱ्या म्हातारीच्या तोंडात कोल्हापुरी मराठी!

मग सगळं कळलं. दुसऱ्या महायुद्धात रशियन सैन्याने त्यांचं गाव घेतलं आणि घरच्यांना सायबेरियात हाकललं. तिथून वाचले ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात. यानिनाबाईंचं बालपण तिथे गेलं. पुढे युद्ध संपलं आणि सगळे म्हणाले, जा आता आपापल्या घरी.

कुठे जाणार? देशाची सीमाच सरकली होती. यांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. म्हणून मग इंग्लंड, आणि शेवटी कॅनडा.

"बाप सायबेरियात पुरला. आई कोल्हापुरात. नवरा इथं," यानिनाबाई बोटांवर मोजत सांगायच्या. "मी घरी जाणार. गावात आजी पुरलीय, तिच्या बाजूला झोपणार. बास."

त्या बाईची एवढी एकच इच्छा होती. कॅल्गरीतला मुलगा चिडला, ओरडला. त्यांनी ऐकलं नाही. ऑक्टोबरमध्ये जायचं तिकीट काढलं. परतीचं काढलंच नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी बाहेर उभी. बाई बाजूच्या दाराच्या पायऱ्यांवर, हातात चाकांची सूटकेस.

"चालले, प्रमोदिनी," त्या आईंना म्हणाल्या. "आता परत येणार नाही."

"असं अभद्र बोलू नये गं!"

आई तशाच वर धावल्या. वाटीत दही-साखर घेऊन आल्या आणि चमचाभर त्यांच्या तळहातावर ठेवलं. जाणारं माणूस सुखरूप परत यावं म्हणून आपल्याकडे ठेवतात ना, तसंच.

यानिनाबाईंना त्याचा अर्थ कुठला माहीत? त्यांनी तळहात चाटूनपुसून साफ केला. "वळिवड्याचं दही!" म्हणाल्या आणि पोरीसारख्या हसल्या.

"परत ये हं लवकर," आई म्हणाल्या.

मी हात हलवला. माझ्या मनात तेव्हा काहीसुद्धा आलं नाही.

नोव्हेंबरअखेर कॅल्गरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. यानिनाबाई गेल्या, झोपेतच. तिकडेच आजीशेजारी पुरलं.

आई रडल्या, पण समाधानाने. "मिळालं गं बिचारीला घर," म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी...

पाच वाजले होते आणि बाहेर काळोख झाला होता. विलास अजून ऑफिसातून यायचा होता. बर्फ नुकतंच थांबलेलं. बाजूच्या पायऱ्यांवरचं बर्फ मी थोड्या वेळापूर्वीच फावड्याने शोव्हल केलं होतं.

खालून आवाज आला... टक्.

मग थोडा वेळ काहीच नाही.

टक्...

जड सूटकेस एकेक पायरी वर ओढत आणावी, तसा.

मला वाटलं विलास. मी खाली जाऊन दिवा लावला, दार उघडलं.

कुणीच नव्हतं.

अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. चाकांची रेघ नव्हती. फक्त वरच्या पायरीच्या काळ्या लाकडावर... चमचाभर दही. त्यावर साखरेचे दाणे.

"रॅकून असेल, खरकटं हुंगत आलेला," विलास आल्यावर म्हणाला. "गार्बेज बिन नीट बंद केलीस का?"

"रॅकून दह्यात साखर घालतो?" मी विचारलं. साहेब बिन बघायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आईंनी विरजण सिंकमध्ये ओतून टाकलं. घरात दह्याचा थेंब उरला नाही. तरी संध्याकाळ झाली की... टक्. टक्. आणि पायरीवर दही.

एकदा दारामागून मी धाप ऐकली. म्हातारं, दमलेलं माणूस टाकतं तशी.

शेवटी आई खाटेवरून उठल्या.

"रश्मी, ती माझं दही परत द्यायला येतेय गं. मी तिला परत बोलावलं. आता तिला तिथे राहताच येत नाहीये."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय!"

त्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा आईंनी स्वतः दार उघडलं. हाडं गोठवणारी थंडी आत आली. समोर रिकामी पायरी. आईंनी उजवा हात पुढे केला.

"दे, बाई. माझं चुकलं. जा तू आपल्या घरी."

बराच वेळ काही झालं नाही...

मग आईंचा तळहात किंचित खाली गेला. कुणीतरी त्यावर काहीतरी ठेवावं तसा.

आणि चाकं पायऱ्या उतरू लागली. फुटपाथवरून खडखडत दूर गेली. ऐकू येईनाशी झाली.

आईंच्या हातावर फक्त थंडगार ओल होती. आम्ही दोघी तिथेच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता...

टक्.

आईंनी कोल्हापूरला गुरुजींना फोन करून विचारलं, दिलेलं दही परत कसं घ्यायचं? गुरुजी हसले. असा विधीच नाही म्हणाले.

जानेवारीत आई परत निघाल्या. मी सवयीने दुकानातल्या दह्याचा चमचा पुढे केला. आईंनी दोन्ही हात शालीत लपवले.

"नको."

"अहो आई, शकुनाचं असतं."

"मला तिकडेच मरायचंय, रश्मी. आणि मेल्यावर तिकडेच राहायचंय."

पायऱ्या उतरताना त्या एका कडेला सरकल्या. वर येणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी तशा.

२०१२ मध्ये आई कोल्हापुरात वारल्या. त्या कधी आल्या नाहीत, माझ्या स्वप्नातसुद्धा नाही.

त्या घराला गिऱ्हाईक मिळालं तेव्हा आम्ही ब्रॅम्प्टनला आलो. पण मला अजून संताप येतो. आधी सैन्याने हाकललं त्या बाईला. मग सीमेने अडवलं. आयुष्यभर वाट बघून ती एकदाची घरी पोचली, तर तिथून तिला आम्ही ओढून आणलं. तेही मायेने.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गाडीने त्या घरावरून गेलो. पाच वाजत आले होते. पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं, कुणी शोव्हल केलं नव्हतं. मी काच थोडी खाली केली...

विलासने ती वर केली आणि गाडीचा वेग वाढवला.

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.