माज्या हाती दिलंस का?

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नका. मी सांगलीत एका हाडांच्या दवाखान्यात बावीस वर्षं एक्स-रे काढते आहे. रोज चाळीस-पन्नास माणसांची हाडं बघते. हाडांना मी घाबरत नाही.

एक हाड सोडून.

अमावास्या, मध्यरात्र, स्मशान असलं काही शोधत असाल तर तेही इथे मिळणार नाही. हे घडलं भर दुपारी. साल १९४६, मे महिना. जागा माण तालुक्यातलं आमचं गाव, दहिवडीपासून चार कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही, आमची भावकी अजून तिथेच राहते.

माझे पणजोबा कोंडीबा हाडवैद्य होते. कुणी झाडावरून पडलं, कुणाला बैलानं उडवलं, की माणसं त्याला झोळीत घालून आमच्या दारात आणायची. पणजोबा बोटांनी चाचपून हाड जागेवर बसवायचे, पाल्याचा लेप लावायचे आणि बांबूच्या कांबट्या बांधायचे.

त्यांची एक रीत होती. हात लावण्याआधी ते विचारायचे, "माज्या हाती दिलंस का?"

मोडलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "दिलं."

एकदा 'दिलं' म्हटलं की मग तो कितीही किंचाळू दे, पणजोबा थांबायचे नाहीत. आणि ते म्हटल्याशिवाय बोटही लावायचे नाहीत. आपल्या हातून एकही हाड बिघडलं नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांचा सगळा मान त्या एका वाक्यावर उभा होता.

त्यांचा मुलगा नाथाजी, म्हणजे माझे आजोबा. ते तेव्हा पुण्यात डॉक्टरी शिकत होते. मे महिन्याच्या सुट्टीला ते गावी आले, ते एक लाकडी पेटी घेऊन. पेटीत माणसाची हाडं होती, अभ्यासासाठी.

वेशीतून येतानाच त्यांना मनुबाई भेटली. आमच्यापासून तीन घरं सोडून राहायची. आजोबा पुण्याहून आले की ती दरवेळी एकच विचारायची, "माजा गुंडा दिसला का रं तिकडं?"

दरवेळी आजोबा मान हलवायचे. गुंडा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. एका पायानं लंगडा, गेला तेव्हा वय तेवीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी पेटी उघडली. वडील जवळच बसले होते. आजोबांना चेष्टेची लहर आली. त्यांनी डाव्या मांडीचं हाड काढून वडिलांपुढे धरलं.

"आबा, हे बघा. कुठल्या अडाण्यानं बसवलंय कुणास ठाऊक."

हाड मधोमध मोडलं होतं आणि दोन्ही टोकं एकावर एक चढून तशीच जुळली होती. मध्ये मोठी गाठ. तो पाय दोन बोटं आखूड झाला असणार.

पणजोबांनी हाड हातात घेतलं. त्या गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा... दोनदा...

मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि धोतराला हात पुसले. पुसतच राहिले.

"ह्ये कुटं गावलं तुला?"

आजोबांनी सांगितलं, पुण्यात रस्त्यावर मेलेला कुणी बेवारस असेल. अशांची नावं नसतात.

पणजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरातल्या बायका झऱ्यावर पाण्याला गेल्या होत्या. आजोबा ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. ऊन असं की कुत्रीसुद्धा बाहेर नव्हती. शेळ्या एकदम ओरडायच्या थांबल्या...

आणि आतल्या खोलीत कुणीतरी चाललं.

ठक्...

सर्र...

ठक्...

सर्र...

एक पाऊल पुरं, एक ओढलेलं.

आजोबांनी जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पेटीचं झाकण उघडं होतं. आपणच लावायचं विसरलो असू, असं म्हणून त्यांनी ते लावलं. डॉक्टर होणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

चौथ्या दिवशी सकाळी एक मेंढपाळ आला. हात कोपराखाली मोडलेला. पणजोबांनी त्याला पुढ्यात बसवलं, पाला वाटून घेतला, कांबट्या मांडल्या. नेहमीसारखं विचारलं, "माज्या हाती दिलंस का?"

मेंढपाळानं तोंड उघडलंच नव्हतं...

आतल्या खोलीतून उत्तर आलं.

"दिलं हुतं."

तरुण माणसाचा आवाज. शांत. त्यात राग असा काही नव्हता.

मेंढपाळ मोडका हात तसाच धरून उठला आणि चालता झाला. मागे वळूनही बघितलं नाही.

त्या संध्याकाळी पणजोबांनी मुलापुढे सगळं ओकून टाकलं.

लढाईचे दिवस होते तेव्हा. सालही त्यांना पाठ होतं, एकेचाळीस. गावोगाव भरती चालू होती आणि गुंडाला पलटणीत जायचं वेड लागलं होतं. भरतीला आठ दिवस उरले असताना तो चिंचेवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. नीट बसवलं असतं तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरतीला उभा राहिला असता. त्या रात्री मनुबाईनं पणजोबांचे पाय धरले. गुंडा पोटात असतानाच तिचा नवरा आधीच्या लढाईत गेला होता आणि परत आलाच नव्हता. ती म्हणाली, "भावजी, पोरगं जगंल, पन पलटनीत घ्येनार न्हाईत, आसं काय तरी करा."

मांडीचं हाड मोडलं की मांस आखडतं आणि टोकं एकावर एक चढतात. पाय जोरानं ओढून ती समोरासमोर आणावी लागतात. पणजोबांनी गुंडाला विचारलं, "माज्या हाती दिलंस का?" तो दात खाऊन म्हणाला, "दिलं."

आणि पणजोबांनी ओढ दिलीच नाही. तसंच बांधून टाकलं.

पुढे गुंडा लंगडत भरतीला गेला. तिथल्या साहेबानं फीत लावून पाय मोजला आणि सगळ्यांसमोर त्याला हाकललं. गुंडानं गावात येऊन बोंब मारली की कोंडीबानं माझा पाय घालवला. पणजोबांनी चावडीवर सांगितलं, पोरानं पाय हलवला, त्याला मी काय करू? गावानं वैद्यावर विश्वास ठेवला. मनुबाई गप्प बसली. पोरं गुंडाला 'पलटणवाला' म्हणून चिडवायला लागली. एके दिवशी तो निघून गेला.

"माज्या हातचं हाड हाय त्ये," पणजोबा म्हणाले. "म्या अंधारात वळखीन."

आजोबा म्हणाले की मनुबाईला सांगा. तिच्या हातात तिचा मुलगा द्या, निदान त्याची हाडं नदीत तरी सोडता येतील.

पणजोबांनी मान हलवली. आधी म्हणाले, ती मरेल. मग खरं ते बोलले. "समद्या गावाला खोटं सांगितलंय म्या. आता ह्या वयात थुकून घिऊ काय?"

मला या माणसाचा राग येतो. माझंही रक्त त्यांचंच आहे, तरी येतो. पाय बिघडवला, तो एका आईनं पदर पसरला म्हणून. ते मी एक वेळ समजून घेईन. पण हाड हातात आल्यावरही या माणसाला आपला मान सुटेना.

आजोबांनी बजावलं, "उद्या दुपारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा विहिरीवरून परत आले तर आतल्या खोलीचं दार बंद. आतून कडी. दारापाशी पाट्यावर वरवंटा असायचा, तो जागेवर नव्हता.

त्यांना कळलं. वडील ते हाड फोडायला बसले होते. पुरावाच ठेवायचा नव्हता त्यांना.

"आबा, दार उघडा."

वरवंट्याचा घाव पडल्याचा आवाज नाही...

मग पावलं वाजली.

ठक्... सर्र... ठक्... सर्र...

दारापासून निघून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. पणजोबा त्या कोपऱ्यात असणार, कारण त्यांचा श्वास तिथून ऐकू येत होता. कुत्र्यासारखा भरभर.

पावलं थांबली.

आजोबा दारावर खांदा आपटत होते. तरी मधल्या शांततेत त्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. तोच तरुण आवाज.

"माज्या हाती दिलंस का?"



पुन्हा तेच. "दिलंस का?"

आणि मग पणजोबांचा आवाज आला. एखाद्या लहान पोराचा यावा तसा.

"दिलं."

ऊस मोडावा तसा आवाज झाला. एकच.

पणजोबा किंचाळले नाहीत. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की त्यांनी किंचाळायला हवं होतं.

कडी तुटली तेव्हा खोलीत पणजोबा एकटे होते. जमिनीवर सरळ आडवे, डोळे उघडे. डाव्या मांडीला कांबट्या बांधलेल्या. पाल्याचा लेप ओला होता. दोरीची गाठ पणजोबांचीच, दुहेरी फेऱ्याची, जी त्यांनी पोटच्या मुलालाही शिकवली नव्हती.

आजोबांनी घाबरत घाबरत कांबट्या सोडल्या. सूज नव्हती. काळंनिळं काही नव्हतं. हाड जुळून दगडासारखं झालेलं, चार महिने उलटल्यासारखं. मध्ये मोठी गाठ. आणि पाय दोन बोटं आखूड.

मग त्यांनी पेटीत बघितलं.

मांडीची दोन्ही हाडं सरळ होती. कुठे साधा ओरखडाही नव्हता.

आजोबा अनवाणी मनुबाईकडे धावले. ती उंबऱ्यात बसली होती. त्यांनी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आत्ता माजा गुंडा गेला रं हितनं. सरळ चालत हुता. म्या हाका मारल्या, लय हाका मारल्या."

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "माज्याकडं बगितलं बी न्हाई त्यानं."

आजोबांनी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पुन्हा कधी कुणाला गुंडाबद्दल विचारलंही नाही. ती सगळी हाडं आजोबांनी साताऱ्याजवळ माहुलीला नेऊन संगमात सोडली. पुढे ते डॉक्टर झाले, पण डोळ्यांचे. गाव सोडून सांगलीत आले.

पणजोबा नऊ वर्षं लंगडत जगले. कुणी मोडलेलं माणूस आणलं की दारातूनच सांगायचे, माझ्याकडे देऊ नका. मरताना त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं की त्या दुपारी खोलीतून जाताना गुंडा त्यांच्या कानाशी काय पुटपुटला. "मला भरतीला जाऊ दिलं न्हाईस. तुज्या घरातलं बी कुनी जानार न्हाई."

आमच्या घरात नंतर कुणी सैन्याकडे वळलंच नाही. शिक्षक झाले, कारकून झाले, मी ही अशी. त्यामुळे ते बोलणं खरं की खोटं, हे तपासायची वेळ कधी आली नाही.

गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलानं भरतीची तयारी सुरू केली. ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती, मुद्दामच. दिवाळीत तो माझ्यासमोर गच्चीचे जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढत होता. मार्चमध्ये भरतीच्या डॉक्टरांनी त्याला पाय आखूड म्हणून बाद केलं.

एक्स-रे मीच काढला. डावी मांडी. दोन टोकं एकावर एक चढलेली, मध्ये मोठी गाठ. तो आयुष्यात कधी पडलेला नाही, त्याला कधी प्लास्टर लागलेलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "हे कुठल्या अडाण्यानं बसवलंय?"

मी त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली.

बाहेर आल्यावर मी पोराला खोदून खोदून विचारलं. कधी पडलास? कुणाला पाय दाखवलास? तो नाहीच म्हणत होता. मग त्याला आठवलं. फेब्रुवारीत माळावर भर दुपारी पळताना त्याच्या मांडीत पेटका आला होता, तेव्हापासून पाय जरा खेचायचा, पण त्यानं मनावर घेतलं नव्हतं. आसपास कुणी नव्हतं. तेवढ्यात एक माणूस आला, विशी-बाविशीतला, ताठ चालीचा. म्हणाला, चोळून देतो.

"पण आत्या, हात लावायच्या आधी त्यानं काहीतरी गमतीचंच विचारलं. पाय माज्या हाती दिलास का, म्हणून."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हसून म्हटलं, दिला."