टायरवरचे चार आकडे

शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर टायर बदलायला आला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि नेमकी वीज गेली होती. दुकान थोरल्या सुनेचं. सासरे गेल्यापासून तीच चालवत होती, आणि कुणाला आवडो न आवडो, आपल्याच पद्धतीने चालवत होती.

धाकट्या दिराने आतल्या खोलीतून एक टायर गडगडवत आणला. वरून काळा कुळकुळीत. तिने त्यावर बॅटरीचा उजेड टाकला. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. त्यावरून टायरचं वय कळतं. इथे त्या जागी नुसता गुळगुळीत पट्टा होता. ही सासऱ्यांची करामत. जुना टायर आणायचा, मशीनवर आकडे घासायचे, वरून पॉलिश फासून नवा म्हणून खपवायचा. तिने नख रुतवून पाहिलं. रबर लाकडासारखं झालेलं, खाचांत बारीक भेगा. असा टायर तापला की भर रस्त्यात फुटतो, आणि या व्हॅनमध्ये लेकरं बसणार होती.

"वहिनी, बाबांनी जन्मभर हेच केलं," दीर कुजबुजला.

"केलं असेल, भाऊजी. मी नाही करणार."

तिने सुरी घेतली आणि टायरची कड टरकन फाडली.

तेवढ्यात आतल्या खोलीत घासायचं मशीन सुरू झालं. वीज नसताना. जळक्या रबराचा वास दुकानभर पसरला. दिराची बोबडी वळली, ड्रायव्हरने सरळ रस्ता गाठला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा, हे पाहून ती भीतीपेक्षा जास्त संतापली. तिने कोरा टायर चढवला, नट आवळले, हातपंपाने मोजून हवा भरली. घरघर जवळ आली... अगदी चाकापाशी. नव्या टायरवरच्या पहिल्या आकड्याची कड भुकटी होऊन गळू लागली.

तिने आकड्यांवर तळहात दाबून धरला.

"सूनबाई... हात काढ." आवाज सासऱ्यांचाच होता.

"नाही काढत, मामंजी. घासायचंच असेल तर आधी हा घासा."

तळहात भाजून निघाला. दात आवळून ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने मशीन थांबलं.

वीज आली. चारही आकडे वाचता येत होते. तिने ड्रायव्हरला हाक मारली, गाडी निर्धास्त ने म्हणाली आणि नळाखाली हात धरला. काळी भुकटी वाहून गेली. जखम नव्हती, फोडही नव्हता.

तळहातावर एकही रेघ उरली नव्हती.