जिन्यावरून येणारा आकडा

चष्म्यांच्या त्या दुकानात दोन बहिणी काम करत. खाली धाकटी डोळे तपासायची, फ्रेम दाखवायची आणि वाकड्या नाकाच्या गिऱ्हाइकालाही त्याचं नाक सरळ असल्याचं पटवून द्यायची. लाकडी जिन्याच्या बारा पायऱ्या चढून गेलं की वर ताईची खोली. तिथे ती काचा घासायची आणि तिचं यंत्र दिवसभर घूं घूं करायचं. दोघी पन्नाशीच्या पुढच्या. लग्न दोघींनीही केलं नव्हतं आणि त्याचं दोघींनाही काडीचं दुःख नव्हतं. "एकमेकींना सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, त्यात नवरे कुठे ठेवायचे?" असं ताई म्हणायची.

वडीलही चष्मेवालेच. त्यांनी दुकानातल्या कपाटाला दोन कुलपं लावली होती. एक किल्ली थोरलीकडे, दुसरी धाकटीकडे. चोराची भीती त्यांना फारशी नव्हती. मुली कितीही भांडल्या तरी कपाट उघडायला त्यांना एकत्र यावंच लागावं, एवढाच त्यांचा डाव होता आणि तो पुरता साधला. पुढे बँकेचे व्यवहार कॉम्प्युटरवर आले, तेव्हा बँकेतल्या मुलीने दोघींना समोर बसवून समजावलं, की आधी पासवर्ड टाकायचा, मग मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येईल तो टाकायचा, आणि दोन्ही जुळलं तरच पैसे हलतील. दोघी एकमेकींकडे बघून खो खो हसल्या. हे तर बाबांचं कपाट! वाटणी तिथल्या तिथे झाली. पासवर्ड धाकटीने ठरवायचा आणि ताईला सांगायचा नाही. मोबाइल ताईचा, तो तिने दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. धाकटी खाली पासवर्ड टाकायची आणि जिन्याकडे तोंड करून ओरडायची, "ताई, आकडा!" वरचं यंत्र थांबायचं. ताई घसा खाकरायची आणि चष्म्याचा नंबर सांगावा तशा जोड्या करून आकडा खाली सोडायची. "सत्तेचाळीस, शून्य आठ, त्रेसष्ट!"

"त्रेसष्ट की सदुसष्ट?"

"त्रेसष्ट गं बहिरे!"

हे सगळं समोरच्या बेकरीपर्यंत ऐकू जायचं. बेकरीवाला पाव भाजता भाजता विचारायचा, "बाई, आजचा आकडा लॉटरीला लावू का?" बँकेतल्या मुलीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती बिचारी रडकुंडीला आली. "अहो, कोड कुणाला सांगायचा नसतो. कुणाला म्हणजे कुणालाच!" त्यावर ताईने विचारलं, "मग बँक तरी मला कशाला सांगते?" मुलीने हात टेकले.

त्या वर्षी दोघींचे पाय जमिनीवर नव्हते, कारण घराच्या मालकीणबाई दुकानाचं ते दुमजली घर विकायला निघाल्या होत्या. त्या परदेशी लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. घर घ्यायला एक गोदामवालाही टपून बसला होता, पण बाईंचा ओढा बहिणींकडे होता. "तुमचे पैसे जमले तर घर तुमचं," त्यांनी सांगितलं होतं. त्या घरात दोघींनी एकतीस वर्षं भाडं भरलं होतं. बचत, वडिलांची जमीन विकून आलेली रक्कम आणि थोडं कर्ज, असं सगळं मिळून जमत होतं. संध्याकाळी दुकान आवरताना दोघी भिंतींना रंग कुठला द्यायचा यावर भांडायच्या. ताईला पिवळा हवा होता. धाकटीला पिवळा सोडून कुठलाही चालला असता.

एका मंगळवारी धाकटीने फ्रेमवाल्याचे पैसे पाठवायला घेतले. तिने हाक मारली, यंत्र थांबलं, घसा खाकरल्याचा आवाज आला आणि आकडा आला. तिने तो टाकला, पैसे गेले. मिनिटभराने ताई मोबाइल हातात धरून जिना उतरून आली. "घे, आला बाई एकदाचा. एकोणीस, ब्याऐंशी, शून्य पाच."

"मघाशीच सांगितलास की."

"मी? मी पाणी पीत होते. मेसेज आत्ता आलाय."

धाकटीने मोबाइल बघितला. आकडा तोच होता. वर नोंदलेली वेळ पैसे गेल्यानंतरची होती.

धाकटी तशी सहजासहजी काही मानणाऱ्यातली नव्हती. 'मला सगळं स्वच्छ दिसतं' म्हणणाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे ती तीस वर्षं भिंगं बदलत आली होती. तिने ताईला सांगितलं, की तू मेसेज बघितलास, सांगितलास आणि विसरलीस, आणि मोबाइलचं घड्याळ पुढे पळतंय. ताईने वयाचा उल्लेख आल्याबद्दल दिवसभर अबोला धरला आणि विषय तिथेच राहिला.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच घडलं. हाक, थांबलेलं यंत्र, खाकरणं, आकडा. पैसे गेले. धाकटीने सहज समोर पाहिलं, तर ताई बेकरीच्या दारात पावाची पिशवी घेऊन उभी होती आणि बेकरीवाल्याशी हातवारे करून बोलत होती. तिचा मोबाइल तिच्या दुसऱ्या हातात होता.

धाकटी जिना चढून वर गेली. खोलीत कुणी नव्हतं. यंत्राचं चाक नुकतं थांबल्यासारखं शेवटचा अर्धा फेरा घेत होतं आणि ओल्या काचेचा तो नेहमीचा वास हवेत भरून राहिला होता. यंत्राचं बटण बंद होतं.

ताई आल्यावर तिने सगळं सांगितलं. घाबरण्यासारखं होतं खरं, पण ताई घाबरणाऱ्यातली नव्हती. "परीक्षा घेऊ या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भर अकरा वाजता दोघी काउंटरमागे खुर्च्या लावून बसल्या. ताईने मोबाइल बंद करून मांडीवर ठेवला. धाकटीने पासवर्ड टाकला. टाइप करताना ओठातल्या ओठात पुटपुटायची तिची जुनी खोड होती, म्हणून ताईने भिडस्तपणे तोंड फिरवलं. मग धाकटीने हाक मारली.

वर घूं घूं सुरू झालं आणि थांबलं. ताईच्या आवाजात कुणीतरी घसा खाकरला.

"चौतीस, एकाहत्तर, सव्वीस!"

ताईने मोबाइल चालू केला. मेसेज आला. चौतीस, एकाहत्तर, सव्वीस.

मग ताई फुरंगटून म्हणाली, "मेली माझ्यापेक्षा स्पष्ट वाचते," आणि दोघींना असं हसू फुटलं की समोरून बेकरीवाला काय झालं ते बघायला आला. त्याला काहीच सांगितलं नाही. दोघींनी ठरवून टाकलं, की एकतीस वर्षांत घराला आपली सवय झाली आहे. ताईचे गुडघे दुखायचे आणि एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तेव्हा बरंच झालं की. इतकी मजा दोघींना कित्येक वर्षांत आली नव्हती. कधी कधी काही काम नसतानाही धाकटी हाक मारायची, पण तेव्हा वरून काहीच यायचं नाही. पासवर्ड टाकल्याशिवाय ते बोलत नसे.

खरेदीचा शुक्रवार ठरला. शनिवारी पहाटे मालकीणबाईंचं विमान होतं. आणि नेमकं ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी गुरुवारवरून शुक्रवारवर ढकललं. "तू जा," धाकटी म्हणाली, "पैसे मी सकाळीच पाठवते." पण वकील कागद घेऊन आला तोच मुळी चार वाजता. त्याने खाते क्रमांक दिला तोवर साडेचार झाले. बँकेची वेळ पाचपर्यंत. मोबाइल सवयीप्रमाणे ताईने बरोबर नेला होता. दवाखाना तासाभरावर होता. धाकटीने फोन लावला, तो बंद लागला. दवाखान्यात लावला तेव्हा नर्स म्हणाली, "त्यांना आत घेतलंय. सामान कुलपात आहे आणि किल्ली त्यांच्याच गळ्यात."

मालकीणबाई घड्याळाकडे बघत होत्या. "अगं, मला तुम्हालाच द्यायचंय गं. पण आज नाही झालं तर गोदामवाला रात्रीच रोख घेऊन येतोय."

पाचला अकरा मिनिटं होती. एकतीस वर्षं एका बाजूला आणि सहा आकडे एका बाजूला. तिने पासवर्ड टाकला. ओठ हललेच.

मग परक्या माणसांसमोर, लाज सोडून, ती जिन्याकडे वळून ओरडली, "ताई, आकडा!"

वकिलाने वर पाहिलं.

घूं घूं सुरू झालं. थांबलं. खाकरणं.

"अठ्ठावन्न, शून्य तीन, नव्वद!"

"त्या दवाखान्यात आहेत ना?" मालकीणबाईंनी विचारलं. धाकटीने आकडा टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली. वकिलाने टाळी वाजवली, मालकीणबाईंनी तिला मिठी मारली, कागदांवर सह्या झाल्या आणि धाकटी तिथेच काउंटरवर डोकं टेकून आनंदाने हमसून हमसून रडली.

त्या गडबडीत जिन्यावरून ताईच्या आवाजात हळूच आलं, "आता तुझा सांग."

तिने ते ऐकलं. पण घर आपलं झालं होतं. अशा वेळी माणूस सगळंच ऐकून घेतो आणि सगळंच सोडून देतो.

शनिवारी दुपारी ताई घरी आली. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर मावत नसलेलं हसू. बेकरीवाला भलामोठा केक घेऊन रस्ता ओलांडून आला. "मालकीणबाई," तो ताईला वाकून म्हणाला, "आता भाडं कुणाला देणार ते सांगा." ताई इतकी हसली की पट्टी सांभाळावी लागली.

फोटो काढायचं ठरलं. पाटीसकट अख्खं घर यायला हवं होतं, म्हणून धाकटीने दार ओढून कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि दोघी फुटपाथवर एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. ऊन लख्ख पडलं होतं. बेकरीवाला मोबाइल डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकत होता.

"पिवळाच द्यायचा हं रंग," ताई म्हणाली.

"दे बाई," धाकटी म्हणाली. "आज तुला काय हवं ते दे."

मागे घरात घूं घूं सुरू झालं. आणि थांबलं.

"आता तुझा सांग," आतून ताईचा आवाज आला.

धाकटीच्या खांद्यावरचा ताईचा हात घट्ट झाला.

मग आतून, काउंटरच्या बाजूने, दुसरा आवाज आला. धाकटीचा. तिच्याच ठसक्यात, तिच्यासारखाच शेवटी हसू दाबत.

"ताईघोरते एकशे एक."

ताई तिच्याकडे वळली. "हा तुझा पासवर्ड? मी घोरते?"

धाकटीने मान हलवली.

"हसा की!" बेकरीवाला ओरडला. मग त्याने मोबाइल खाली घेतला. "आत पाहुण्या आल्यात का?"

ताईच्या पर्समध्ये मेसेज वाजला. पट्टी आणि काळ्या चष्म्यामुळे तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मोबाइल धाकटीच्या हातात दिला. सहा आकडे होते. धाकटीने तोंड उघडायच्या आत ते घरातून आले, जोड्या करून, खणखणीत.

आत टाळी वाजली. आतल्या दोघी हसल्या, अगदी मनापासून, जशा या दोघी बहिणी परीक्षेच्या दिवशी हसल्या होत्या.

"झालं गं," धाकटीचा आवाज म्हणाला. "घर आता आपलं."

हातातला मोबाइल पुन्हा थरथरला. धाकटीने मोठ्याने वाचलं, कारण ताई वाट बघत होती. "आपल्या विनंतीनुसार खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्यात आला आहे. यापुढे या क्रमांकावर कोड येणार नाही."

तिने मोबाइल उलटसुलट करून पाहिला. तो गप्प होता. वरच्या मजल्यावर, ताईच्या खोलीत, एक मेसेज आल्याची टिंग वाजली.