बाटलीतली विहीर

शिवडीच्या धाकट्या कोळीवाड्याची विहीर वाचली.

हे वाक्य वाचकांनी वाचलेच नाही असे समजावे. ते एका सरकारी कागदावर आहे, आणि तो कागद यायला अजून चार दिवस आहेत. तूर्त शुक्रवार आहे, सन १८९४चा भाद्रपद आहे, आणि गिरगावात गंगाधरराव कोठारे यांच्या ओसरीवर गुणवंती कोळीण टोपलीसकट येऊन बसली आहे.

गंगाधरराव खासगी चौकशीचा धंदा करीत. जातीने पाठारे प्रभू असल्याने चोर आणि पापलेट या दोहोंतले ताजे कोणते, हे त्यांना नजरेने कळे. त्यांचे स्नेही रघुनाथमास्तर ब्राह्मण. ते टोपलीपासून चार हात लांब, नाकाला उपरणे लावून बसले होते.

"आज मासळी नाय रावसाहेब," गुणवंती म्हणाली. "आज कागद आणलेत."

टोपलीतून अकरा कागद निघाले. गंगाधररावांनी ते वाचले. रघुनाथमास्तरांनीही वाचले, लांबून.

वाड्याला विहीर एकच. तिचा काठ ढासळलेला. "काठ बांधून द्यावा" असा पहिला अर्ज अकरा वर्षांपूर्वीचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीचे उत्तर आले : विहिरीचे पाणी उत्तम आहे, सबब काही करण्याची गरज नाही. मग लोकांनी स्वतःच दगड रचून काठ बांधला. तो विनापरवाना म्हणून कचेरीने चार माणसे पाठवून पाडला. वाड्यासाठी कचेरीने केलेले काम ते तेवढेच. पुढे काठाऐवजी नळ मागितला. उत्तर तेच : पाणी उत्तम आहे, सबब नळाची गरज नाही.

"आणि हा अकरावा?" गंगाधररावांनी विचारले.

"तो माझी मालनवयनी गेल्यावरचा. नारळी पुनवेला आठ दिवस होते. पाणी काढताना काठाची माती सुटली." गुणवंतीने पदर नीट केला. "उत्तर वाचा ना."

'मयताबद्दल खेद आहे. पाणी अद्याप उत्तम आहे किंवा कसे, याची तपासणी करण्यात येईल.'

तपासणी झाली. मागल्या गुरुवारी आरोग्यखात्याचे गणपतराव आले, बाटली भरली, लाखेची मोहर केली आणि गेले. काल अहवाल आला : मोहर शाबूत, पाणी खारट, तुरट व लालसर, कुजका वास नाही, पिण्यास सर्वथा अयोग्य. येत्या सोमवारी विहीर बुजवावी.

"मग नळ देणार असतील," मास्तर म्हणाले.

"नळाबद्दल अक्षर नाय त्यात. पाणी गोड हाय हो आमचं! त्याच दिवशी सांजेला मीच प्यायले. कुणीतरी घात केला. नाव काढून द्या रावसाहेब. पंचांनी ठरवलंय, त्याला वाळीत टाकायचं. मी तर वाड्यातनं ओढत बाहेर काढीन."

"मोहर शाबूत, विहीर गोड, बाटली खारट," गंगाधरराव म्हणाले. "मास्तर, चपला घाला."

*

गणपतराव परळला एका गटाराच्या कडेला उभे राहून ते गटार आहे की नाही याची नोंद करीत होते.

"बाटली माझ्या हातून क्षणभर सुटली नाही," ते म्हणाले. "माझ्या देखत पाणी काढलं, मी भरलं, मी मोहर केली."

"काढलं कुणी?"

"असेल कोणी म्हातारी. वाड्यात दुसरं होतंच कोण? होड्या दर्यात, बाया बाजारात. मला दोर ओढायचा पगार नाही."

"घागर कसली होती?"

"घागर नव्हती. लाकडी पोहरा होता. आत काळोख. वरून बाटली बुडवली, झालं."

"पाणी चाखलंत?"

"मी? त्या विहिरीचं?" गणपतरावांना खराच धक्का बसला. "अहो, तपासणी व्हायची होती तिची!"

दुसरा संशयित तुळशीदास. परळच्या नळावरून बैलाच्या पाठीवरल्या पखालीतून पाणी आणून तो वस्त्यांत विके. विहीर बुजली की अख्खा वाडा त्याचा गिऱ्हाईक.

मास्तर पखालीकडे रोखून पाहत होते. त्यांनी गंगाधररावांना बाजूला ओढले.

"कातडं सालीत कमावतात, राव! त्याचं पाणी लालसर, तुरट! सापडला चोर!"

"काय कुजबुजताय?" तुळशीदास म्हणाला. "मी नाही बुवा त्यात. गुरुवारी माझा बैल लंगडत होता, मी भायखळ्यापलीकडे गेलोच नाही. विहीर बुजली तर मला बरंच आहे, ते काय लपवायचंय? पण कोळणींना पाणी विकणं म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला? पाव पखाल पाणी आणि पाऊण तास शिव्या."

गंगाधरराव पखालीतले पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मास्तरांनी डोळे मिटले.

"तुरट आहे," गंगाधरराव म्हणाले. "लालसरही आहे."

"मग?"

"मग काही नाही. खारट नाही."

*

धाकट्या वाड्यात संध्याकाळच्या होड्या लागत होत्या. काठ्यांवर जाळी वाळत होती. महिनाभर खाऱ्या पाण्यात भिजून विटकी, मातकट झालेली. एकच जाळे मात्र लालभडक होते. त्याच्याजवळ एकच होडी कोरडी, रेतीवर आडवी पडलेली.

"ही आमची," गुणवंती म्हणाली. "दुसऱ्यांनी नारळी पुनवेच्या आधीच जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीत शिजवली. शिजवल्याबिगर जाळं कुजतं. आमच्या घरात सुतक. तेरावं होईतो चुलाणावर जाळं चढवत नाय आमच्यात. मंग तिथी पायजे, वार पायजे. आयेने मागल्या गुरुवारी सकाळी शिजवलं. पण दादाचा होडी ढकलायचा जीवच होत नाय. पाटलाच्या होडीवर जातो सध्या."

दारात तिची आई सखुबाई बोंबील निवडत बसली होती. उंबऱ्याखालच्या फरशीवर तांबडे डाग होते. शेजारच्या घरांच्या फरशा धुवट पांढऱ्या.

"मावशी, पाणी द्या," गंगाधरराव म्हणाले.

सखुबाईने तांब्याच्या कळशीतून पाणी दिले. ते गोड होते. मास्तरांनी कोळ्याच्या घरचे पाणी प्यायचे की नाही यावर विचार केला, तहान लागली होती म्हणून विचार आवरता घेतला आणि प्यायले.

"विहिरीवर लाकडी पोहरा कुणाचा असतो?"

गुणवंती हसली. "लाकडी? विहिरीवर? लाकडी पोहरा होडीतला. तळाला साचतं ते खारं पाणी उपसायचा. तो होडीसंगं जातो, होडीसंगं येतो. प्यायच्या पाण्याला तो कोण लावील?"

सखुबाईने निवडलेला एक बोंबील पुन्हा न निवडलेल्यांत टाकला. गंगाधररावांनी ते पाहिले आणि मास्तरांना म्हणाले, "चला. उद्या सकाळी सगळ्यांना विहिरीवर बोलवा."

*

शनिवारी सकाळी विहिरीजवळ, म्हणजे काठापासून जपून, वाडा जमला. पुढे म्हातारे गुणाजी पाटील. एका बाजूला वही घेऊन गणपतराव, दुसऱ्या बाजूला तुळशीदास आणि बैल.

"बाटलीशी कुणी खेळ केला नाही," गंगाधरराव म्हणाले. "विहिरीशीही नाही. पाणी पोहऱ्यात बिघडलं. गणपतरावांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे कुणीच पाहत नसताना."

गणपतरावांनी हे लिहून घेतले आणि मग खोडले.

"लालसर आणि तुरट, म्हणजे साल. मास्तरांना पखाल सुचली, आणि ते वाईट सुचलं नव्हतं. पण पखालीला मीठ कुठलं? घाणीचं पाणी म्हणावं, तर कुजका वास नाही. साल आणि मीठ एकत्र येतात ती जागा एकच, कोळ्याचं घर. पोहरा लाकडी होता. लाकडी पोहरा होडीतला, लाकडात मुरलेलं मीठ त्याचंच. गुरुवारी दुपारी सगळ्या होड्या दर्यात होत्या, त्यांचे पोहरेही दर्यात. रेतीवर एकच होडी होती. आणि सालीचं ताजं पाणी त्या दिवशी एकाच चुलाणावर होतं. ते पोहऱ्याच्या तळाला ओतलं, पोहरा विहिरीत सोडला, अर्धा भरून वर घेतला."

गुणवंतीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. जाळ्याची, होडीची, पोहऱ्याची गोष्ट सांगितली होती तिनेच, हसत हसत.

"आये?"

"ओरडू नको," सखुबाई म्हणाली. "अकरा वर्षं लिवतात, पाणी चांगलं हाय, म्हणून नळ नाय. सून गेली. तवापण इचारतात, पाणी चांगलं हाय का? मी म्हटलं, एकदा वाईट होऊन जाऊ दे. वाईट झालं की नळ देतील. अजून कुणाची पोर त्या काठावर उभी राहायला नको." ती थांबली. "विहीरच बुजवतील, हे मला काय ठाऊक? असं कोण करतं?"

बैलाने मान हलवली.

"बाई, नाव सांगा," गणपतरावांनी पेन्सिल ओली केली. "सरकारी नमुन्यात भेसळ. कैद आहे याला."

"जरूर लिहा," गंगाधरराव म्हणाले. "खाली हेही लिहा, की मोहर करण्यापूर्वी अंमलदाराने पाण्याकडे पाहिलं नव्हतं."

गणपतरावांनी थोडा विचार केला. मग लिहिले : 'पोहरा अयोग्य. मालक अज्ञात.'

आता सगळे पाटलाकडे पाहू लागले. वाळीत टाकण्याचा ठराव त्यांच्याच तोंडचा होता. गुणाजी पाटलांनी कानात करंगळी घालून ती सावकाश फिरवली.

"हे रावसाहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाय," ते म्हणाले. "वय झालं. तुम्हाला कुणाला आलं का रे?"

वाड्यात एकाएकी बहिरेपणाची साथ आली.

"गुणे, तू कुणाला तरी ओढत बाहेर काढणार होतीस ना?" पाटील म्हणाले.

गुणवंतीने आईचा हात धरला आणि खरेच ओढत नेले. घराकडे.

*

गंगाधररावांनी त्याच दुपारी कचेरीत लेखी खुलासा दिला : दोष पोहऱ्याचा, विहीर निर्दोष, सोमवारचे काम थांबवावे. कारकुनाने तो घेतला, शिक्का मारला आणि शनिवार असल्यामुळे दौतीखाली ठेवला.

सोमवारी सकाळी सात वाजता गाड्या आल्या. दुपारपर्यंत विहीर भरून सपाट झाली. कचेरीच्या हातून वेळेवर झालेले वाड्यातले हे पहिलेच काम. सखुबाई शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत तिथे उभी होती. नंतर तिने दोन कळशा घेतल्या आणि परळच्या नळाची वाट धरली. जायला एक तास, यायला सव्वा.

मंगळवारी कागद आला. 'खुलासा ग्राह्य धरून विहीर बुजवण्याचा हुकूम रद्द करण्यात येत आहे. सदर विहीर चालू असून तिचे पाणी उत्तम आहे. सबब नळाची गरज नाही.'

रघुनाथमास्तरांनी तो तीनदा वाचला. "राव, पण हे... आता करायचं काय?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे," गंगाधरराव म्हणाले. "लिहा."

मास्तरांनी लिहिले. खाली वाड्याने अंगठे उठवले, पहिला सखुबाईचा. ऐनाच्या सालीचा रंग बोटांवरून लवकर जात नाही. शाई लावण्याआधीच तिचा अंगठा तांबडा होता.

अर्ज क्रमांक बारा.

मेहेरबान अंमलदार, पाणीपुरवठा, यांचे सेवेशी. धाकटा कोळीवाडा, शिवडी, येथील रहिवाशांचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आपल्या हुकुमाप्रमाणे आमची विहीर चालू आहे, हे वाचून समाधान वाटले. तरी आपल्या खात्याचा एक जबाबदार अंमलदार पाठवून, सदर विहिरीतून एक कळशी पाणी समक्ष काढून, ते सखुबाई नावाच्या बाईच्या हाती देण्यात यावे. कळशी आम्ही देऊ. ती तांब्याची आहे. काठ अद्याप बांधलेला नाही, सबब अंमलदाराने सांभाळून वाकावे. कळावे, ही विनंती.